न पाहिलेल्या प्राण्याचा रंग

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या औरंगपुऱ्यातील घराच्या माडीवर जो उद्योग चालला होता, त्याने आरंभी घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पाडल्या आणि पुढे त्याच वडीलधाऱ्यांना कामास जुंपले. आमचा नातू यंदा सातवीत आहे. त्याने व त्याच्या दोघा चुलतभावंडांनी अंगणातील किल्ला अर्धवट टाकून एक डायनासोर करावयास घेतला. तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर जुन्या गादीतील फोम, आणि त्यावर फेव्हिकॉलमध्ये बुडवून बसविलेले मलमलीचे कातडे, असे ते हातभर लांबीचे जनावर देवघरातून पळविलेल्या पाटावर उभे होते. समोर पुस्तकांच्या थप्पीवर टेकविलेला मोबाईल. मुलांनी जनावराचा पाय गहूभर पुढे सरकवावा, एक छायाचित्र घ्यावे, पुन्हा सरकवावा, पुन्हा घ्यावे. ही सर्व चित्रे एकामागून एक भरभर दाखविली म्हणजे जनावर आपण होऊन चालू लागते. अचेतनास चेतना आणण्याची ही युक्ती पाहून आम्हीही चष्मा पुसून पाटाजवळ बैठक मारली, हे कबूल केले पाहिजे.

अडचण उत्पन्न झाली ती रंगाची. पांढऱ्या मलमलीचा प्राणी भुतासारखा दिसू लागला. त्याला रंग कोणता द्यावा? आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, सरड्याचा वंश, तेव्हा हिरवा. आमच्या वडीलबंधूंनी हत्तीचा दाखला देऊन करड्याच्या बाजूने कौल दिला. सूनबाई मगरीकडे वळल्या. अखेर नातू म्हणाला, "आजोबा, तुम्हीच सांगा. तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचात ना?"

आम्ही गप्प राहिलो. त्याचे कारण मुलांना सांगितले नाही, वाचकांना सांगतो.

आम्ही मूळचे संस्कृतचे शिक्षक. मॅट्रिकनंतर पाठशाळेत जे काही व्याकरण व काव्य पदरात पडले, त्यावर पुढे जन्मभर गुजराण केली. परंतु एका शाळेत असताना चित्रकलेचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले व तो तास आमच्या गळ्यात पडला. ते १९९४ साल असावे. कारण 'ज्युरासिक पार्क' हा चित्रपट हिंदी बोलू लागून आमच्या गावी आला होता व वर्गातील पोरे डायनासोरवेडी झाली होती. आम्ही विषय दिला, 'प्राचीन काळचा प्राणी'. एका मुलाने आपल्या प्राण्याच्या शेपटीवर नारिंगी व पांढरे पट्टे काढले. आम्ही म्हणालो, "असा प्राणी कोठे असतो का?" त्याने अगदी सरळपणे विचारले, "सर, तुम्ही पाहिला आहे का?" आम्ही त्या चित्रावर तांबड्या शाईने भोपळा काढला आणि मुलाला तास संपेपर्यंत वऱ्हांड्यात उभे केले. त्यानंतर वर्षभर त्याने आमच्या तासाला केवळ पेन्सिलीची चित्रे काढली. रंग म्हणून उघडला नाही.

तेव्हा नातवाला उत्तर देण्यापूर्वी आम्ही चार दिवसांची मुदत मागितली, आणि जन्मात प्रथमच या विषयाचा अभ्यास केला.

एकेक चित्र घेऊन निर्जीवास चालविण्याची ही विद्या आपल्याकडे काही आजची नव्हे. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले, त्या वेळी त्यांच्यापाशी विद्या होती, भांडवल नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिन्याहून अधिक काळ ठराविक वेळाने एकेक चित्र घेतले. पडद्यावर तो वाटाणा पाहता पाहता अंकुरला व वेल होऊन चढला. 'अंकुराची वाढ' या नावाचा हा चिमुकला पट पाहून भांडवल देणारे सद्गृहस्थ पुढे आले आणि १९१३ च्या मे महिन्यात गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे १९१५ साली फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' काढून काड्यापेटीतील काड्या नाचविल्या. या उद्योगात फिल्मच्या कडेला भोके पाडणे, रात्री जागून ती धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळक्यांनी केली. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, कन्या मंदाकिनी पुढे 'कालियामर्दन' (१९१९) चित्रपटात कृष्ण झाली. एका कुटुंबाच्या स्वयंपाकघरातून एक कला बाहेर पडली, असे म्हटले तरी चालेल.

सातासमुद्रांपलीकडे हेच घडत होते. अमेरिकेत विलिस ओब्रायन या गृहस्थाने 'द लॉस्ट वर्ल्ड' (१९२५) व 'किंग काँग' (१९३३) या चित्रपटांतून डायनासोर चालविले. त्याच्यासाठी मार्सेल डेलगाडो हा कारागीर धातूच्या सांध्यांचा सांगाडा करी, त्यावर स्नायू भरी व वर रबराचे कातडे चढवी. आमच्या माडीवरील तार, फोम व मलमल ही त्याचीच गरिबाघरची आवृत्ती. बोलपटाच्या एका सेकंदास चोवीस चित्रे लागतात. दिवसभर खपून हाती काही सेकंद येतात. काँगच्या अंगावर सशाची लव होती. दर वेळी कारागिराची बोटे लागून ती विसकटे, आणि पडद्यावर तो वानर अंगावर वारा सुटल्यासारखा थरथरताना दिसतो. कारागिराच्या बोटांची सही अशी पडद्यावर कायमची राहिली आहे.

किंग काँग ज्याने तेराव्या वर्षी पाहिला तो रे हॅरीहाउसेन या विद्येत गुरूच्याही पुढे गेला. त्याचे वडील यंत्रकाम जाणणारे. ते मुलाच्या प्राण्यांचे धातूचे सांगाडे घरी कातून देत. आई बाहुल्यांचे कपडे शिवी. हे वाचून आम्ही सूनबाईंना मलमलीचा उरलेला तुकडा मुकाट्याने देऊन टाकण्याची विनंती केली.

आता रंगाकडे वळू. कृष्णधवल चित्रपटाच्या काळी प्रतिमेस जो रंग द्यावयाचा, तो प्रेक्षकांनी पाहावयाचा नसेच. पडद्यावर येई ती केवळ काळ्यापांढऱ्याची चढउतार. तेही सरळ हिशेबाने नव्हे. मूकपटाच्या आरंभीच्या काळातील फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडे ते काळे उमटे आणि निळे ते पांढरट. तांबडे कुंकू काळे, निळे आकाश पांढरे! विशीच्या दशकाच्या अखेरीस सर्व रंगांची नोंद घेणारी फिल्म सर्वत्र रूढ झाली तेव्हा हा हिशेब बदलला. म्हणून त्या काळचा रंगारी रंग पाहत नसे, रंगाची छाया पाहत असे. फाळक्यांच्या 'कालियामर्दना'तील तो भला मोठा सर्प आजही पाहावयास मिळतो; पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तो पट जतन केला आहे. परंतु नाशिकास त्या सर्पाच्या अंगावर प्रत्यक्ष कोणता रंग फासला होता, हे पडदा सांगत नाही. काळा म्हणावा तर तो तांबडाही असू शकेल. संस्कृतात 'वर्ण' शब्दाला रंग हा अर्थ आहे, तसाच अक्षर हाही आहे. येथे वर्ण होता पण तो वाचता येण्याजोगा नव्हता.

तरीसुद्धा ओब्रायनच्या प्राण्यांनी रंगाविषयी एक समजूत जगाच्या मनात रुजविली. त्याची माणसे चार्ल्स नाइट या चित्रकाराची चित्रे समोर ठेवून काम करीत. नाइटने अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांसाठी लुप्त प्राण्यांची चित्रे काढली. त्याआधी तो प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत जनावरांचा अभ्यास करी. आश्चर्य असे की, या माणसाची दृष्टी इतकी अधू होती की कायद्याने तो अंध गणला जाई. कागदाला नाक लावून त्याने चित्रे काढली व दोन पिढ्यांनी डायनासोर पाहिले ते त्याच्या डोळ्यांनी! त्याचे प्राणी मातकट, करडे, शेवाळी. म्हणजे हत्ती, गेंडा व मगर यांच्या वर्णाचे. तेच पुस्तकांत आले, तेच खेळण्यांत आले आणि तेच आमच्या डोक्यात घर करून बसले. नारिंगी पट्ट्यांच्या शेपटीला भोपळा देणारे आम्ही, अधिकार कोणाचा चालवीत होतो? नाइटचा. आणि नाइटचे नावही आम्हांस ठाऊक नव्हते.

पडद्यावर रंग आला तेव्हा खरी कसोटी लागली. आपल्याकडील पहिला अनुभव प्रभात कंपनीचा. १९३३ साली व्ही. शांताराम यांनी 'सैरंध्री' रंगीत काढला. दोन फिल्मा तोंडाला तोंड लावून एकदम चालवावयाच्या व त्यांवरून दोन रंगांची प्रत छापावयाची, अशी ती 'बायपॅक' पद्धत. धुणे-छापणे जर्मनीत झाले. रंग उतरले ते भडक. जे येथे डोळ्यांनी पाहिले व जे पेटीतून परत आले त्यांचा मेळ बसेना. प्रेक्षकांनी तो पट उचलून धरला नाही. दोन रंगांत जग मावत नाही, हे त्यामागील साधे कारण. शांतारामबापूंच्या 'झनक झनक पायल बाजे'चे रंग लोकांनी डोळे भरून पाहिले ते १९५५ साली, म्हणजे बावीस वर्षांनी.

हॅरीहाउसेनही रंगाला बिचकत होता. त्याची युक्ती अशी : प्रतिमेच्या मागे एक झिरझिरीत पडदा, त्यावर आधी चित्रित केलेला खरा देखावा एकेक चित्र करून टाकावयाचा, पुढे प्रतिमा हलवावयाची आणि दोन्ही मिळून पुन्हा चित्रित करावयाचे. यात देखाव्याचे छायाचित्र दोनदा निघते व प्रतिमेचे एकदाच. दुसऱ्या खेपेस देखाव्याचे रंग बदलतात, कण उठून दिसतात. पुढचा प्राणी मात्र ताजातवाना राहतो. कृष्णधवलात हा फरक झाकला जाई, रंगात तो उघडा पडे. १९५८ च्या सिंदबादच्या चित्रपटापासून त्याने रंग स्वीकारला. काही दृश्यांत निळ्या पडद्यापुढे प्रतिमा ठेवावी लागे; तेथे प्राण्याच्या अंगावर निळा ठिपकाही चालत नसे, कारण निळे तेवढे सगळे चित्रातून नाहीसे होई. प्राण्याचा रंग प्राणिशास्त्राने ठरविण्याआधी तो असा रसायनशास्त्राने ठरविला जाई!

त्याचा 'द व्हॅली ऑफ ग्वांगी' (१९६९) हा चित्रपट नातवाने आम्हांस मोबाईलवर दाखविला. कल्पना मूळ ओब्रायनची. तो १९६२ साली वारला, शिष्याने ती पुरी केली. घोडेस्वार गुराखी एका मांसाहारी डायनासोरास फासे टाकून पकडतात, त्या एका प्रसंगाला सुमारे पाच महिने लागले. दोर खरे, घोडे खरे, जनावर मात्र बाहुली. आणि दोर त्याच्या मानेवर ताणलेला दिसतो. आम्ही तोंडात बोट घातले. पण नातवाची नजर अधिक तीक्ष्ण. तो म्हणाला, "आजोबा, याचा रंग बदलतो आहे. आत्ता करडा होता, आता जांभळट." पुन्हा पाहिले, तो खरेच होते. एका दृश्यात मातकट, दुसऱ्यात निळसर जांभळा. प्राणी तोच, कारागीर तोच. दिव्याचा उजेड, फिल्म आणि छपाई यांनी त्याला वेगवेगळी कातडी नेसविली. आम्हांस तो दोष वाटला नाही, असे म्हणणे खोटे होईल. पण त्या दोषामुळेच आम्हांस तो चित्रपट अधिक जवळचा वाटला.

चित्रकलेची सहा अंगे आमच्या परंपरेत सांगितली आहेत. वात्स्यायनाच्या टीकाकाराने, यशोधराने, ती नोंदविली आहेत. त्यांत पाचवे 'सादृश्य' व सहावे 'वर्णिकाभंग', म्हणजे रंग कालविण्याची व देण्याची कुशलता. आम्ही ही नावे वर्गात घोकून घेत असू. परंतु सादृश्य म्हणजे कशाशी सादृश्य? जो प्राणी कोणीच पाहिला नाही, त्याचे सादृश्य कोणत्या तराजूने तोलावे, हा प्रश्न आमच्या मनाला शिवला नव्हता. तो त्या वऱ्हांड्यातील मुलाला शिवला होता.

आणि जे पाहतो ते तरी मूळचे असते काय? येथून शंभर किलोमीटरवरील अजिंठ्यास आम्ही कित्येक सहली नेल्या. तेथील चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, काजळी, तेथल्याच काळ्या खडकाच्या पोटातील हिरवी माती असे घरचे रंग वापरले. निळा राजावर्त तेवढा परदेशचा. आम्ही मुलांस सांगत असू, पाहा, हा प्राचीनांचा सोनेरी उबदार वर्ण! आता वाचले की, १९२० च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने इटलीहून आणविलेल्या तज्ज्ञांनी चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचे रोगण दिले व ते काळाने पिवळे पडले. पुढे पुरातत्त्व खात्याने ते पुष्कळ ठिकाणी काढले, तेव्हा खालचे निळे व हिरवे पुन्हा प्रकटले. आम्ही वर्षानुवर्षे ज्याची वाखाणणी केली, त्यात थोडा वाटा रोगणाचा होता.

असो. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर अखेर सापडले ते विज्ञानात. जीवाश्मात रंग उरत नाही, हे आम्ही शिकलो व शिकविले. परंतु पिसांत रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म कोश असतात आणि कित्येक जीवाश्मांत ते कोट्यवधी वर्षे टिकले आहेत, हे २००८ साली याकोब विंथर व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. लांबट कोश काळ्या रंगाचे, वाटोळे कोश तांबूस रंगाचे. जिवंत पक्ष्यांच्या पिसांशी ताडून पाहावयाचे, म्हणजे रंग कळतो. २०१० साली चीनमधील सायनोसॉरोप्टेरिक्स नामक लहानग्या पिसाळ डायनासोराची शेपटी अशी तपासली गेली. ती तांबूस व पांढऱ्या पट्ट्यांची निघाली.

हे वाक्य आम्ही तीनदा वाचले. मग उठून माडीच्या खिडकीशी उभे राहिलो. घरातील मंडळींस वाटले, पित्त झाले असावे.

त्याहूनही मौजेची गोष्ट २०१६ सालची. सिटॅकोसॉरस नावाच्या पोपटचोच्या डायनासोराचे कातडे जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या संग्रहालयात आहे. त्यावरील रंगाच्या खुणा पाहून बॉब निकल्स या कलावंताने पूर्णाकृती प्रतिमा घडविली व रंगविली : पाठ गडद, पोट फिके. शिवाय केवळ करड्या रंगाची दुसरी प्रतिमा केली आणि ब्रिस्टलच्या वनस्पतिउद्यानात झाडांखाली ठेवून तिची छायाचित्रे घेतली. उजेड कोठे पडतो, सावली कोठे पडते, हे पाहिले व ते जीवाश्मावरील रंगाशी ताडले. पोटाखालची सावली फिक्या रंगाने बुजते आणि प्राणी शत्रूच्या नजरेतून निसटतो. ही रंगयोजना झाडीतील पसरट उजेडाला जुळणारी, तेव्हा हा प्राणी रानात राहणारा, असे अनुमान निघाले. चित्रपटवाले शास्त्राकडून रंग मागत. येथे शास्त्रच रंगविलेली बाहुली घेऊन बागेत गेले. कॅनडातील बोरिआलोपेल्टा हा तेराशे किलोचा चिलखती प्राणीही असाच वरून तांबूस तपकिरी व खालून फिका ठरला, २०१७ साली.

आमच्या महाराष्ट्राच्या डायनासोराविषयी नातवाने अर्थातच विचारले. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या टेकडीत ज्याच्या अस्थी मिळाल्या तो आयसीसॉरस. लांब मानेचा शाकाहारी. सोहनलाल जैन व सास्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. २००३ साली त्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून आजचे नाव मिळाले. त्याची हाडे आहेत, कातडे नाही. रंगाचा कोश एकही हाती नाही. आपल्याच मातीतील प्राण्याला रंग देण्यास आपण सर्वस्वी मोकळे आहोत, एवढे आम्ही नातवाला सांगितले आणि त्या मुलाची गोष्टही सांगून टाकली. नातू काही वेळ आमच्याकडे पाहत राहिला. "सॉरी म्हणालात का त्याला?" असे त्याने विचारले. आम्ही नाही म्हणालो. तो मुलगा पुढे कोठे गेला, आम्हांस ठाऊक नाही.

मग रंगकाम सुरू झाले. पहिल्या दिवशी लावलेला पोस्टर रंग पाय वाकविताच सांध्यावर तडकला व त्याचे पोपडे पाटावर पडले. तेव्हा कारागिरांची युक्ती आठवली : रबराच्या कातड्याला रबर कालविलेलाच रंग हवा, तो कातड्याबरोबर ताणतो. नातवाने सायकलवाल्याकडून पंक्चरचे सोल्यूशन आणले, त्यात गेरू घोटला. त्या वासाने घरभर डोकी दुखू लागली आणि आमच्या सौभाग्यवतींनी माडीचे दार बाहेरून लावून घेतले. पाठ गडद गेरूची, पोट खडूच्या पांढऱ्याचे. शेपटीवर पट्टे किती व केवढे, हे मुलांनी ठरविले. आम्ही फक्त वाटी धरली.

सेकंदाला बारा चित्रे, चाळीस सेकंद, म्हणजे चारशे ऐंशी छायाचित्रे झाली. साडेतीनशेच्या पुढे गेरू संपला. गुलमंडीवरून नवा आणला तो अधिक तांबडा निघाला, आणि हातांच्या घामाने झिजलेल्या जागी तो लावावा लागला. त्यामुळे आमचा प्राणी एकोणतिसाव्या सेकंदाला, चालता चालता, एकाएकी लाल होतो. नातवाला ते फार लागले. सगळे पुन्हा करू म्हणत होता. पण सोमवारी शाळा उघडली. पाट धुऊन आम्ही देवघरात ठेवला, तरी त्याच्या एका कोपऱ्याला गेरूचा डाग अजून आहे.